ड्रॅगन नंतर काढा, आधी एसटी स्टँड

साताऱ्यात नवीन पोरांना रोलप्लेइंग गेमला (टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं अन् फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची, तो खेळ) बसवायचंय ना, मग टेबलावर आधी ड्रॅगनचं चित्र ठेवूच नका, निम्मे तिथंच म्हणतात हे काय बारक्या पोरांचं. मी तीन कागद मांडतो, एकावर अजिंक्यताऱ्याचा नकाशा (चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की जुनाट दिसतो, साखर नको हां, मुंग्या लागतात), दुसऱ्यावर कास पठारावर उतरलेलं यान, तिसऱ्यावर रात्रीचं सामसूम एसटी स्टँड अन् एकच फडफडणारी ट्यूब. ज्या कागदाकडं जास्त हात जातील तो गेम लावायचा. नियम तेच, २० बाजूंचा फासा तोच, फक्त राक्षसाच्या जागी भूत. आणि चित्रात सगळे तलवारवाले गडीच नकोत, एखादी आजीपण घ्या, आमच्याकडं ती कोण खेळणार यावरनं भांडणं होतात.