पत्ता काढण्याआधीची मोजणी

पत्त्यांच्या कॅटमधून न बघता एक पत्ता काढला, तर तो अमुक एक असण्याची संभाव्यता काढण्याची रीत एका ओळीत सांगता येते: हव्या असलेल्या पत्त्यांच्या संख्येला एकूण पत्त्यांच्या संख्येने भागावे. भागाकारात सहसा कोणी चुकत नाही. चूक होते ती मोजणीत.

जोकर बाजूला ठेवले की ५२ पत्ते उरतात. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांचे प्रत्येकी १३. त्यामुळे एक्का येण्याची संभाव्यता ४/५२, म्हणजे १/१३, आणि बदाम येण्याची १३/५२, म्हणजे १/४. अर्थात पत्ते नीट पिसलेले आहेत आणि कोणताही पत्ता हाती येण्याची शक्यता सारखीच आहे, हे यात गृहीत धरले आहे. कोपरा दुमडलेला गुलाम बोटांना कळत असेल, तर हे गणित लागू पडत नाही.

प्रश्नात ‘किंवा’ आला की जपून मोजावे. लाल पत्ता किंवा राजा हवा असेल, तर लाल पत्ते २६ आणि राजे ४, अशी बेरीज ३० होते. परंतु बदामाचा आणि चौकटचा राजा तीत दोनदा आलेला असतो. ते २ वजा केल्यावर २८ उरतात आणि उत्तर २८/५२, म्हणजे ७/१३ येते.

आता पाच-तीन-दोनचा डाव घ्या. तिघांना दहा-दहा पत्ते मिळावेत म्हणून अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतचे २८ पत्ते आणि दोनच सत्त्या, बहुधा इस्पिकची आणि बदामाची, ठेवल्या जातात. या ३० पत्त्यांतून एक्का येण्याची संभाव्यता ४/३०, म्हणजे २/१५ होते. बदामाचे पत्ते ८ आणि किलवरचे मात्र ७ असल्यामुळे त्यांच्या संभाव्यता अनुक्रमे ४/१५ आणि ७/३० ठरतात. सवयीने १/४ लिहिणारा येथे हमखास फसतो.

याच ३० पत्त्यांतून लागोपाठ दोन पत्ते काढायचे असतील आणि पहिला परत ठेवायचा नसेल, तर पहिला एक्का निघाल्यावर २९ पत्त्यांत ३ एक्के उरतात. म्हणून दोन्ही एक्के येण्याची संभाव्यता ४/३० × ३/२९, म्हणजे २/१४५. पहिला पत्ता परत ठेवून पुन्हा पिसले, तर मोजणी मुळावर येते आणि उत्तर २/१५ × २/१५, म्हणजे ४/२२५ असे किंचित मोठे मिळते.