जुनी दुनळी सापडली? नाव नंतर वाचा, आधी तिचं पोट वाचा

माळ्यावरून किंवा कुणाच्या तरी पेटीतून जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची शिकारीची बंदूक, बाहेर निघाली की घरात पहिला प्रश्न ठरलेला, किती येतील हिचे? आणि तेवढ्यात कोणीतरी नळीवरचं नाव वाचून मोबाईलवर सर्च मारतो, त्याच नावाच्या कुठल्या तरी भारी बंदुकीचा आकडा सापडतो आणि मग सगळे दोन दिवस स्वप्नात. खरं सांगू का, जुन्या दुनळीवर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा असं काही असेल तर ते वरचं नाव. खरी माहिती खाली असते, नळ्यांच्या पोटाकडच्या सपाट भागावर, जिथे सहसा कोणी बघतच नाही.

पण त्याआधी दोन कामं. वरचा लिव्हर सरकवून (काही जुन्यांत तो चापाच्या कडीखाली असतो) बंदूक उघडा, आणि दोन्ही चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) नुसतं बघू नका, करंगळी घालून खात्री करा. वर्षानुवर्षं भरलेल्या पडून राहिलेल्या बंदुका निघतात, गंमत नाही. आणि दुसरं, लायसन कोणाच्या नावावर आहे, आहे की नाही, हे कळेपर्यंत ती घेऊन कुठेही फिरू नका. बहुतेक देशांत बंदूक जुनी आहे एवढ्यावर सूट मिळत नाही, कुठे मिळालीच तर तिच्या अटी वेगळ्या, त्यामुळे आधी चौकशी आणि मग बाकीचं.

आता नळ्यांखालचा लाकडी भाग, म्हणजे फोरएंड, काढा. खटका दाबून किंवा ओढून तो निघतो, मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या होतात. नळ्या उलट्या करा. मागच्या टोकाला दोन सपाट पट्ट्यांवर बारीक शिक्के दिसतील, मुकुट, अक्षरं, आकडे. हे प्रूफ मार्क. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी टिकली की शिक्का मारायचा, अशी ही पद्धत. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. लंडनचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली गुंतवलेली जी-पी ही अक्षरं. बर्मिंगहॅमचा जुना शिक्का म्हणजे एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड आणि मुकुट, आणि १९०४ पासून मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही, एन-पी अशी अक्षरं यायला लागली. १९५४ नंतरची असेल तर मुकुटाखाली बी-एन-पी.

यातून साल बऱ्यापैकी आवळता येतं. 'नॉट फॉर बॉल' असं कोरलेलं असेल तर ती नळी १८७५ ते १८८७ या काळात प्रूफ झालेली, अर्थ एवढाच की चोक आहे, म्हणजे नळी तोंडाशी थोडी आवळलेली, यातून छर्रे सोडून अख्खी गोळी मारू नका. पत्त्यातल्या चौकटीच्या आकारात १२ आणि सी दिसलं तर १८८७ नंतरची. 'नायट्रो प्रूफ' हे शब्द असतील तर आधुनिक धूरविरहित दारूसाठी ती तपासलेली आहे, निदान तेव्हा तरी तपासलेली होती. बेल्जियमची असेल तर अंडाकृतीत ई-एल-जी आणि खाली चांदणी, त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची, आणि १९२२ पासून तिथल्या लिएज शहरातल्या प्रूफवाल्यांनी वर्षासाठी अक्षर मारायला सुरुवात केली. जर्मन असेल तर मुकुटाखाली यू, एन वगैरे अक्षरं. शिक्केच नाहीत? घाबरू नका, अमेरिकेत सक्तीचं प्रूफ कधी नव्हतंच, तिथल्या बंदुकीवर कंपनीचे स्वतःचे मार्क आणि नंबर एवढंच सापडतं. आणि इंग्रजीत नुसतं 'बेल्जियम' किंवा 'इंग्लंड' असं लिहिलेलं असेल तर ती बहुतेक अमेरिकेत विकायला बनवलेली, १८९० च्या तिथल्या कायद्यामुळे बाहेरच्या मालावर देशाचं नाव टाकावं लागायचं.

आता नावाकडे येऊ. वेस्टली रिचर्ड्स हे बंदुका बनवणारं मोठं इंग्लिश घराणं. मग स्वस्त बेल्जियन बंदुकांवर 'डब्ल्यू. रिचर्ड्स' असं नाव मारून माल खपवला गेला. वारसदार ते वाचून खूश आणि पोटावर मात्र ई-एल-जी चमकतंय. नाव इंग्रजी आणि शिक्का लिएजचा असं दिसलं की समजून जा. तसंच अमेरिकेत कनेटिकटमधल्या नॉर्विचची क्रेसेंट कंपनी दुकानदारांसाठी ढीगभर वेगवेगळ्या नावांनी बंदुका बनवायची, आणि बर्मिंगहॅममध्येही एकाने घडवायची आणि दुसऱ्याने आपलं नाव टाकून विकायची हे सर्रास चालायचं. म्हणजे नाव दुकानाचं असू शकतं, कारागिराचं नाही. अशी बंदूक वाईटच असते असं नाही हां, काही तर फार सुंदर आहेत, फक्त नावाचे पैसे मिळत नाहीत.

मग लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, बघायचं. बाहेर दोन घोडे दिसत असतील तर हॅमर गन, साधारण एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, पण स्वस्तातल्या हॅमर गन विसाव्या शतकातही बऱ्याच वर्षं बनत होत्या त्यामुळे एवढ्यावर साल ठरवू नका. घोडे आत लपलेले असतील तर दोन प्रकार, बॉक्सलॉक आणि साइडलॉक. बॉक्सलॉकचं मूळ म्हणजे वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली यांचं १८७५ चं पेटंट, साधं आणि भक्कम, जगभर त्याच्या कॉप्या झाल्या. साइडलॉकमध्ये यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली असते आणि साधारणपणे ते जास्त महाग. इथे एक मेख आहे, बॉक्सलॉकवर नुसत्या शोभेच्या पट्ट्या लावून साइडलॉकचा भास करतात. खऱ्या साइडलॉकच्या पट्टीवर आतल्या पुर्ज्यांच्या पिनांची टोकं बारीक ठिपक्यांसारखी दिसतात, पट्टी अगदी सपाट कोरी असेल तर शंका घ्या. फोरएंड काढलाच आहे तर नळ्यांच्या मागचा काडतूस बाहेर ढकलणारा भाग पण बघा, तो मधोमध चिरून दोन तुकड्यांत असेल तर इजेक्टर, एकच तुकडा असेल तर एक्स्ट्रॅक्टर. इजेक्टरला भाव जास्त.

नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा वेटोळ्यांची नक्षी असेल तर ती डमास्कस, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, गजाभोवती गुंडाळून ठोकलेली. बघत राहावं असं काम. पण साध्या पोलादावर तशी नक्षी रंगवून किंवा अ‍ॅसिडने उठवून पण विकलेली आहे, त्यासाठी फोरएंडखालचा झाकलेला भाग भिंगाखाली बघा, तिथेही नक्षी तशीच चालू राहते की मधेच संपते. स्वतः अ‍ॅसिड लावून बघू नका प्लीज. आणि डमास्कस असो की पोलादी, कसलेल्या गनस्मिथने तपासल्याशिवाय जुन्या दुनळीतून बार काढायचा नाही. चेंबरची लांबी हे मोठं कारण. जुन्या कितीतरी ब्रिटिश १२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) चेंबर अडीच इंचाचं असतं, आजचं पावणेतीन इंचाचं काडतूस त्यात आरामात बसतं, म्हणून लोक फसतात, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागाच नसते आणि दाब वाढतो.

आता किंमत कशावर ठरते. ओरिजिनल हाच सगळ्यात मोठा शब्द. मी सुरुवातीला एका जुन्या बंदुकीला स्टील वूल मारून चकाचक केलं होतं, आणि ज्यांना दाखवली त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. झीज चालते, प्रामाणिक वापराचे ओरखडे चालतात, पण घासलेली, नळ्यांना परत निळसर रंग चढवलेली, पॉलिश मारलेली बंदूक भाव गमावते. ओळखायचं कसं? कोरीव काम आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत, बोथट वाटतात. लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली बसलेलं दिसलं तर कोणीतरी दस्ता घासलाय, कारण मूळ काम लाकूड धातूला समतल किंवा केसभर वर ठेवून झालेलं असतं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत हौशी हात गेलेले आहेत. दस्ता कापून मागे रबराचं पॅड बसवलेलं असेल तर तेही वजा.

नळ्यांना जास्त वेळ द्या. दस्त्यापासून काढलेल्या नळ्या खालच्या हुकाला बोट अडकवून लटकवा आणि बोटाच्या पेराने हलकं टिचका, घंटेसारखा आवाज आला तर छान, भद्द आवाज आला तर दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी, म्हणजे रिब, कुठेतरी सुटलीय. उजेडाकडे धरून आतून बघा, गोल सावलीची कडी दिसली तर नळी फुगलेली आहे, काळे खड्डे म्हणजे गंज खोलवर गेलाय. मग फोरएंड न लावता बंदूक जोडून बंद करा आणि नळ्या हलवून बघा, बिजागरीपाशी खडखड जाणवली तर जोड सैल. चेंबरच्या दोनेक इंच पुढे नळीभोवती बारीक रेघ आणि पोटावर 'स्लीव्ह्ड' असा शब्द असेल तर मूळ नळ्या कापून नव्या बसवल्यात, वापरायला चालेल पण संग्राहक तोंड फिरवतो. नळीच्या भिंतीची जाडी मात्र घरी मोजता येत नाही, ती गनस्मिथकडच्या गेजनेच, आणि तीच कधीकधी सगळा हिशोब पालटते.

सिरियल नंबर नळ्यांवर, अ‍ॅक्शनवर (नळ्या ज्यात बसतात तो लोखंडी भाग) आणि फोरएंडच्या लोखंडावर तिन्हीकडे जुळतो का बघा. नसेल जुळत तर दोन बंदुकांची एक केलेली असू शकते. नंबर मिळाला की निम्मं काम झालं, पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या इंग्लिश कंपन्यांच्या जुन्या वह्या आहेत आणि त्यावरून ती मुळात कशी बनवली होती ते कळू शकतं. अमेरिकेतल्या पार्करच्या बंदुकांसाठी त्यांच्या संग्राहकांची संघटना उरलेल्या नोंदींवरून पत्र देते, तिथल्याच एल. सी. स्मिथ या बंदुकांच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे आहेत. पार्करमध्ये तर ग्रेडमुळे जमीन-अस्मानाचा फरक पडतो, सगळ्यात खाली ट्रोजन आणि टोकाला इन्व्हिन्सिबल, दोघींवर नाव मात्र पार्करच. बोअरचंही तसंच, १२ बोअर सगळ्यात जास्त बनल्या, त्यामुळे त्याच मेकची २० किंवा २८ बोअर मूळ स्थितीत निघाली तर बहुतेक वेळा जास्त भाव मिळतो. मूळ पेटी, त्यावरचं लेबल, जोडीतली दुसरी बंदूक, हे सगळं सांभाळून ठेवा, फाटकी पेटी फेकून देणारे लोक बघितलेत मी.

आकडा काढताना जाहिरातीत मागितलेली किंमत बघू नका, मागायला काय कोणी काहीही मागतो. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांचे निकाल बघा, त्याच मेकच्या, त्याच ग्रेडच्या, त्याच बोअरच्या, आणि त्यात लिलाववाल्यांचं कमिशन धरलंय का ते वाचा. विम्यासाठीचं मूल्यांकन चढं असतं, डीलर रोख देणार असेल तर तो नफा सोडूनच बोलणार, आणि लिलावाचा आकडा कुठेतरी मधे. तज्ज्ञाला फोटो पाठवायचे असतील तर अख्ख्या बंदुकीचा सुंदर फोटो एकच पुरे, बाकी सगळे पोटावरचे शिक्के, नंबर, लॉकच्या दोन्ही बाजू, स्क्रूची डोकी आणि नळ्यांची तोंडं, तिरक्या उजेडात काढलेले, आणि त्याआधी फडक्याने धूळ पुसण्यापलीकडे काहीही न केलेले.