गजकर्ण (नायटा) घालवायचं कसं आणि ते परत परत का येतं

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा नाहीतर सरळ फंगल इन्फेक्शन म्हणा, बरं होतं हो ते, पण अर्धवट सोडलं की हमखास परत येतं आणि बहुतेकांचं नेमकं तिथेच बिनसतं. खाज थांबली की ट्यूब ड्रॉवरमध्ये, थोड्या दिवसांनी पुन्हा तीच जागा, पुन्हा तेच खाजवणं. म्हणून क्रमाने बघू.

१. आधी नीट ओळखा

गोल चट्टा, कडा थोडी उचललेली आणि खवले सुटलेली, मधला भाग मात्र हळूहळू साफ होत गेलेला, त्यामुळे अंगठीसारखा दिसतो. रंग लालसर, सावळ्या कातडीवर तपकिरी किंवा करडा. खाज येते, घाम आला की जास्तच. जांघेत झालं तर गोल न दिसता आतल्या मांडीवर पसरत जातं, पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओलसर होऊन सोलते, नखं जाड आणि पिवळट होतात, आणि डोक्यात झालं (लहान मुलांना जास्त होतं) तर तेवढ्या जागचे केस तुटतात.

पण गोल दिसलं म्हणजे गजकर्णच असं नाही, एक्झिमा आणि सोरायसिसचेही चट्टे असे दिसू शकतात. आणि चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, बधिर वाटत असेल तर क्रीम लावत बसू नका, डॉक्टरना दाखवा, कारण कुष्ठरोगात तसं होतं. शंका असली की डॉक्टर कडेचे खवले खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, साधी टेस्ट आहे, दुखत नाही.

२. कशामुळे झालं ते बघा

यात ना रक्त खराब असतं ना कसला किडा. ही बुरशी आहे, ट्रायकोफायटॉन वगैरे जातीची, आणि ती कातडी, केस, नखं यातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. दुसऱ्याच्या अंगावरून, टॉवेल-कपड्यांवरून, मांजर-कुत्र्यांकडून येते आणि लागण झाल्यावर साधारण ४ ते १४ दिवसांनी चट्टा दिसायला लागतो. घाम, घट्ट कपडे, ओले मोजे तिला फार आवडतात. डायबिटीस कंट्रोलमध्ये नसेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर जास्त चिवट होते.

३. क्रीम लावायची पद्धत

अंगावर एक-दोन छोटे चट्टे असतील तर अँटीफंगल क्रीमने काम होतं. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल सहसा दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे. टर्बिनाफिन किंवा लुलिकोनॅझोलचा कोर्स बहुतेक वेळा त्याहून छोटा असतो, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

जागा धुवा, पूर्ण कोरडी करा, मग पातळ थर लावा, आणि चट्ट्यापुरतंच न लावता कडेच्या बाहेर साधारण २ सेंटीमीटरपर्यंत लावा कारण बुरशी बाहेरच्या बाजूने पसरत असते, मध्यभागी तर ती आधीच कमी झालेली असते. मग हात धुवा. आणि मुख्य म्हणजे चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टरनी किंवा पाकिटावर सांगितलेले दिवस पूर्ण करा, खाज थांबणं आणि बुरशी मरणं यात बरंच अंतर असतं.

४. ट्यूबवरची नावं वाचा, हे सगळ्यात महत्त्वाचं

कोणीतरी म्हणतं "ही लाव, दोन दिवसात फरक", आणि खरंच पडतो! कारण त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ते खाज आणि लाली दाबतं पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दाबतं, मग बुरशी आरामात पसरते, चट्ट्याचा आकार इतका बदलतो की डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही, आणि जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे व्रण पडतात. घटकांमध्ये क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं तर स्वतःच्या मनाने लावू नका. आधीपासून लावत असाल तर डॉक्टरना ते स्पष्ट सांगा, लपवून उपयोग नाही.

व्हिनेगर, लसूण वगैरे घासणंही टाळा, भाजल्यासारखं होतं आणि वर जखम वेगळी.

५. कपडे आणि घरचे

टॉवेल, कंगवा, अंतर्वस्त्रं वेगळी. कपडे रोज बदला, गरम पाण्यात (कापड सोसत असेल तर ६० अंश) धुवा, पूर्ण वाळवा. पायालाही झालं असेल तर आधी मोजे घाला, मग अंतर्वस्त्र, नाहीतर पायाची बुरशी अंतर्वस्त्राला लागून जांघेत जाते. घरात अजून कोणी खाजवत असेल तर त्याचाही उपचार एकदमच करा, नाहीतर हे चक्र संपत नाही. मांजराचे केस जागोजागी गेलेले असतील तर त्यालाही प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

६. डॉक्टरकडे कधी

डोक्यात किंवा दाढीत असेल तर थेट जा, बुरशी केसांच्या मुळात असल्यामुळे नुसत्या क्रीमने भागत नाही, गोळ्या लागतात. नखांचंही बहुतेक तसंच, टर्बिनाफिनच्या गोळ्या हाताच्या नखांना साधारण ६ आठवडे आणि पायाच्या नखांना १२ आठवडे. चट्टे खूप असतील, पू येत असेल, २ आठवडे नीट लावूनही फरक नसेल, गरोदर असाल किंवा डायबिटीस असेल तरी दाखवाच. हल्ली टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशीही सापडते, तिथे औषध बदलावं लागतं. या गोळ्या लिव्हरवर परिणाम करू शकतात आणि इट्राकोनॅझोल या दुसऱ्या अँटीफंगल औषधाचं काही हार्टच्या आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांशी पटत नाही, म्हणून जुन्या प्रिस्क्रिप्शनवर परस्पर आणू नका.

आणि हो, बरं झाल्यावर काळपट डाग राहतो, काही महिने. खवले नाहीत, खाज नाही, कडा वाढत नाही, तर ते इन्फेक्शन नाही, त्यावर अजून क्रीम फासायची गरज नाही.