मुलांसाठी सोशल ॲप बनवताय? मग या चुका टाळा

'बराच वेळ झाला, थोडी विश्रांती घ्या' अशी पाटी पडद्यावर झळकवली की मुलांच्या भल्याचं काम झालं, असं अनेक टीमना वाटतं. मूल ती पाटी अंगठ्याने सारतं आणि रील पुढे चालू. मग बैठकीत सूर निघतो, 'आपण सोय दिली होती, पोरंच वापरत नाहीत.' चौदा वर्षांच्या मुलाच्या मनोनिग्रहावर उभी असलेली सोय चालणार तरी कशी?

मर्यादा घातली, तरी वेळ कमी होत नाही

टिकटॉकने मार्च २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्यांसाठी रोज ६० मिनिटांची मर्यादा आपोआप लागू केली. तास भरला की पासकोड टाकायचा आणि पुढे बघत राहायचं. अमेरिकेतल्या खटल्यामुळे २०२४ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यांनुसार रोजचा सरासरी वापर १०८.५ मिनिटांवरून १०७ वर आला होता. दीड मिनिटाची बचत!

वर मर्यादा आणि खाली न संपणारी फीड असेल, तर फीडच जिंकते. म्हणून आधी फीडला शेवट द्या. मित्रांच्या नव्या पोस्ट संपल्या की 'आजचं एवढंच' म्हणा आणि खरंच थांबा, तिथून अनोळखी लोकांचे व्हिडिओ सुरू करू नका. पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं मुळातच बंद ठेवा. यूट्यूबने २०२१ मध्ये १३ ते १७ वयोगटासाठी हे केलं, म्हणजे अशक्य काही नाही.

रात्रीची शांतता सेटिंगच्या चौथ्या पानावर

तिथे कुणी जात नाही. इन्स्टाग्रामच्या किशोरवयीनांच्या खात्यांत रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन आपोआप गप्प होतात, ही दिशा बरोबर आहे. पण खरी अडचण पुढे येते. एकाचा फोन गप्प असतो, वर्गाचा ग्रुप मात्र जागा असतो. सकाळी शाळेत आपल्यालाच काही माहीत नसेल, या धास्तीने मूल स्वतःहून ॲप उघडतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये यावर जे शोधलं, ते ॲपवाल्यांनी नीट बघावं. संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, सगळ्या गावाने. सगळेच थांबले की कुणाचं काही सुटत नाही. ॲपमध्येही शांततेची वेळ ग्रुपला ठरवू द्या. रात्री पाठवलेला मेसेज थांबवून ठेवा आणि पाठवणाऱ्याला तसं सांगा: 'सकाळी ७ ला पोचेल.' 'वाचलं' दाखवणारी निळी खूण मुलांच्या खात्यांत बंद असू द्या. आणि स्ट्रीक? रोज काहीतरी पाठवलं नाही तर मैत्रीचा आकडा शून्यावर, हा प्रकार काढूनच टाका. त्याची सौम्य आवृत्ती शोधण्यात वेळ घालवू नका.

लाइकचा आकडा लपवला, आता काळजी नाही

इन्स्टाग्रामने २०१९ पासून हा प्रयोग केला. त्याने किशोरवयीनांना विशेष बरं वाटत नाही, असं कंपनीच्याच आतल्या चाचण्यांत दिसलं होतं. तुलना आकड्यापुरती नसते. एक व्यायामाचा व्हिडिओ पाहिला म्हणून दिवसभर सपाट पोटंच दिसत राहिली, तर आकडा लपवून काय साधणार? एकाच विषयाचा मारा थांबवा, आणि 'हे नको' दाबल्यावर ते खरोखर यायचं थांबतं का, हे स्वतः तपासा.

ओटीपी आला, म्हणजे वय कळलं

नंबर आईचा, फोन घरात सगळ्यांचा. २०२३ च्या भारतीय डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे, आणि मुलांबाबतच्या कर्तव्यांत चुकल्यास दंड २०० कोटींपर्यंत जातो. पण म्हणून सरसकट आधार कार्ड मागत सुटू नका. वयाची खात्री नसेल तर सगळ्यांनाच मुलांइतकं संरक्षण द्या, असा मार्ग ब्रिटनच्या नियमावलीत आहे आणि तो जास्त सोपा आहे.

तक्रारीचं बटण आहे, तरी छळ चालूच

चाचणी कोणत्या भाषेत केली? आपली मुलं मराठी शिव्या रोमन लिपीत लिहितात, रंगावरून, जाडीवरून, जातीवरून चिडवतात, आणि इंग्रजी शब्दांवर बेतलेल्या फिल्टरला त्यात वावगं काही दिसत नाही. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या मुलांना मोबदला देऊन बसवा आणि अशा शब्दांची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या. स्वतःला इजा करण्याबद्दल कुणी लिहिलं, तर तिथेच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मराठीत दाखवा, एका टॅपवर फोन लागेल असा. शनिवारी रात्री आलेली तक्रार कोण पाहणार, हेही नावानिशी ठरवा. तेवढी माणसं नसतील, तर अनोळखी लोकांना मुलांना मेसेज पाठवण्याची सोय देऊच नका.