सीजे-३बी जीपचे पुढचे पाटे: घरच्या अंगणात करायचं काम

जुनी जीप खड्ड्यात आपटायला लागली की कोल्हापुरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, पाटा (लीफ स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवून घ्या. दोन, शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) नवीन टाका. माझं म्हणणं असं, की या दोन्हीच्या आधी पाटे खाली उतरवा आणि एकेक पाटा सुटा करून बघा. गाडी खाली-वर होते तेव्हा पाटे एकमेकांवरून सरकायला पाहिजेत. मधे गंज आणि चिखल बसून ते सरकायचे थांबले, की सगळ्यांची मिळून एक जाड फळी होते. त्या फळीवर आणखी एक पाटा चढवून गाडी मऊ कशी होणार?

मी उद्यमनगरात लेथवर असतो. कसबा बावड्यात घरासमोर वडिलांची सीजे-३बी उभी आहे, उंच बॉनेटवाली. विलीजनं हे मॉडेल १९५३ साली काढलं. अमेरिकेत ते १९६८ ला बंद झालं, पण आपल्याकडं महिंद्रानं त्यानंतरही बरीच वर्षं बनवलं. म्हणून उसाच्या पट्ट्यात या गाड्या अजून दिसतात आणि सामानही मिळतं. पुढं सलग ॲक्सल, त्याला दोन बाजूंना पाटे, साधी रचना. लिफ्ट लागत नाही, पिट लागत नाही. कडक जमीन, चांगले स्टँड आणि घाई न करणारा माणूस एवढं पुरे.

उघडण्याआधी दोष नक्की कुठं आहे ते ठरवा. गाडी सपाट जागेवर उभी करा. दोन्ही बाजूंना ॲक्सलच्या नळीपासून चासीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि लिहून ठेवा. दोन बाजूंत ठळक फरक असेल तर एका बाजूचे पाटे बसलेत, नाहीतर एखादा तुटलाय. मग पुढचं चाक उचला, टायर वर आणि खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडं वळतं त्या खिळीचं, बेअरिंग. स्टेअरिंग फडफडतंय म्हणून लोक स्टेअरिंग बॉक्स उघडायला धावतात. माझ्या मते त्या बॉक्सला हात सगळ्यात शेवटी लावावा.

आता गाडी उचलायची. या जीपच्या हँडब्रेकवर विसंबू नका. तो चाकांवर नाही, ट्रान्सफर केसमागं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीमागं), मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर काम करतो. एक मागचं चाक जरी अधांतरी झालं तरी डिफरन्शियलमुळं गाडी हलू शकते. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. स्टँड चासीखाली येतील, पुढच्या पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटच्याही मागं. ॲक्सलखाली वेगळा जॅक, कारण ॲक्सल आपल्याला हळूहळू खाली सोडायचा आहे. अंगण मातीचं असेल तर प्रत्येक स्टँडखाली जाड लोखंडी प्लेट टाका. विटा अजिबात नकोत. वीट कधी फुटेल ते सांगून फुटत नाही.

एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू जागेवर असली की ॲक्सल सरकत नाही आणि बसवताना ओढाताण होत नाही.

यू-बोल्टचे, म्हणजे पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टचे, नट बहुधा गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या संध्याकाळी आट्यांवरची माती तारेच्या ब्रशनं पूर्ण काढा आणि डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. माती न काढता नट फिरवला तर तीच माती आट्यांत शिरते आणि नट अर्ध्यावर अडकतो. एवढं करूनही नट हलला नाही तर कापून टाका. यू-बोल्ट परत वापरायचेच नाहीत, त्यामुळं हळहळायचं कारण नाही. नवीन घेताना जुना नमुना बरोबर न्या आणि व्यास, आतली रुंदी, आट्यांची लांबी तिन्ही जुळवून घ्या. ॲक्सल आणि पाट्याच्या मधे पाचर असेल तर तिची जाड बाजू पुढं होती की मागं, ते खडूनं मार्क करा. या जीपला कॅस्टर (किंगपिनचा मागं झुकलेला कोन) ३ अंश लागतो. पाचर उलटी बसली तर तो बिघडतो आणि वेगात चाकं फडफडायला लागतात.

शॅकलपाशी, म्हणजे पाट्याचं पुढचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीपाशी, मात्र थांबा. सीजे-३बीचं मूळ शॅकल इंग्रजी यू अक्षरासारखं असतं. त्याच्या दोन्ही टोकांना आटे असतात आणि त्यावर आतून आटे असलेले बुश चढतात. यातल्या काही शॅकलना एका बाजूला डावे आटे असतात, म्हणजे ते उलट फिरतात. ओळखायची खूण कारखान्यानंच दिलीय: डाव्या आट्यांच्या शॅकलवर लहानसा उंचवटा असतो आणि त्या बुशच्या षट्कोनी डोक्याभोवती खाच असते. गंज आणि ग्रीसच्या थराखाली खाच दिसत नाही, म्हणून आधी रॉकेलनं डोकं पुसा, खाच शोधा, मगच पाना लावा. मागच्या टोकाला साधा पिव्होट बोल्ट आहे, तो सरळ निघतो.

जुडगा खाली आला की त्याच्या मधोमधचा सेंटर बोल्ट सोडायचा. त्याआधी दोन्ही बाजूंना दोन जी-क्लॅम्प आवळा. पाट्यांत ताण असतो, नट सुटला की ते उसळतात. नट निघाल्यावर क्लॅम्प आलटून-पालटून थोडे थोडे ढिले करा. तोंड पाट्यांच्या वर आणू नका.

मला या कामात सगळ्यात आवडणारा भाग इथून पुढचा. पाटे क्रमानं मांडा, प्रत्येकावर खडूनं नंबर आणि पुढची बाजू लिहा. आता प्रत्येक पाट्याचं टोक जिथं वरच्या पाट्याला टेकत होतं, तिथं बोटानं चाचपा. वर्षानुवर्षं घासून तिथं खळगी पडलेली असते, आणि खळगीच्या कडेला नखाला अडकेल अशी धार. खालच्या पाट्याचं टोक त्या खळगीत रुतून बसतं, पुढं-मागं जातच नाही. गाडी आपटण्याचं खरं कारण पुष्कळदा इथंच सापडतं. उथळ खळगी असेल तर धार कानशीनं मोडून गुळगुळीत करा, टोकांच्या खालच्या-वरच्या कडाही गोल करा. खळगी खोल असेल, पाटा तिथं उघड पातळ झाला असेल, तर तो पाटा बदला.

मग चिरा. पाटा वायर ब्रशनं स्वच्छ करून रॉकेलचा हात फिरवा, थोडा वेळ मुरू द्या, कोरड्या फडक्यानं लख्ख पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुन्हा वर येतं आणि पांढऱ्या पुडीत बारीक ओली रेघ उमटते. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि मुख्य (सगळ्यात लांब) पाट्याच्या डोळ्याच्या, म्हणजे टोकाच्या गोल भोकाच्या, वळणात नीट बघा. पाटे तिथंच जास्त तुटतात. चीर दिसली तर पाटा भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. हे स्प्रिंगचं पोलाद आहे. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याचं पाणी उतरतं, शेजारची जागा ठिसूळ होते, आणि तो मोडतो तेव्हा घाटातच मोडतो.

पाटे बसले असतील तर कमान द्यायचं काम घरी होत नाही. ते पाटेवाल्याचं काम. जाण्याआधी घरच्या फरशीवर मुख्य पाटा आडवा ठेवून खडूनं त्याची बाह्यरेषा काढून ठेवा, म्हणजे परत आल्यावर किती फरक पडला ते समोर दिसतं. मी ज्यांच्याकडं जातो ते मामा थंड पाट्यावरच ऐरणीवर हातोड्यानं थोडं थोडं ठोकत कमान आणतात. पाटा भट्टीत लाल करून वाकवला, तर नंतर त्याला तेलात विझवून पुन्हा नीट तापवून पाणी द्यावं लागतं. ते अर्धवट झालं की पाटा महिन्याभरात परत बसतो. गॅस कटरनं एका जागी तापवून वाकवणाऱ्याकडं पाटे देऊच नका.

“दादा, एक पाटा वाढवू काय वो? ऊस भरला तरी बसायची न्हाई गाडी.”

“नको मामा, आहेत तेवढेच ठेवा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या म्हणजे झालं.”

हे संभाषण दर वेळी होतं, आणि मी दर वेळी नको म्हणतो. जास्त कमान दिली तर शॅकल उभ्या रेषेतून सरकतं, ॲक्सल किंचित फिरतो आणि स्टेअरिंगची तऱ्हा बदलते. गाडी जमिनीवर उभी राहिल्यावर मुख्य पाटा जवळजवळ सरळ, जराशा कमानीत दिसला पाहिजे. जास्त उंच दिसणारी जीप मला अजून एकही सुखानं चालणारी भेटलेली नाही. काम घेताना एक तपासणी तिथंच करा: प्रत्येक पाटा त्याच्या वरच्या पाट्याला नुसता टेकवून धरला की टोकं टेकली पाहिजेत आणि मधे थोडी फट राहिली पाहिजे. लहान पाट्याची कमान मोठ्यापेक्षा जास्त असते म्हणून ती फट पडते. सेंटर बोल्ट आवळल्यावर ती मिटते आणि जुडगा घट्ट धरून राहतो. फट नसेल तर काम परत करायला सांगा.

रंग बाहेरून हवा तेवढा द्या, पण पाटे जिथं एकमेकांना टेकतात तिथं जाड थर नको. तिथं ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात. काहीजण म्हणतात की पाटे कोरडेच असावेत, घर्षणानं हेलकावे थांबतात. हेलकावे थांबवायला शॉकअप आहे. आपल्याकडच्या पावसात कोरडे पाटे गंजल्याशिवाय राहत नाहीत, म्हणून मी ग्रीस लावतोच.

जोडताना सेंटर बोल्ट नवीन घ्या. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात पूर्ण बसलंय याची बोटानं खात्री करून मग यू-बोल्ट चढवा. डोकं कडेवर राहिलं तर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते. चारही नट आडव्या-तिडव्या क्रमानं, थोडे थोडे आवळा. पाट्यांना धरणाऱ्या पट्ट्या इतक्या दाबू नका, की पाटे सरकायचेच बंद होतील.

शॅकलचे बुश चढवायची रीत ठरलेली आहे. सील आणि त्याचं वायसर आधी शॅकलवर सरकवा. शॅकल चासीच्या ब्रॅकेटमधून आणि पाट्याच्या डोळ्यातून घाला. वरचा बुश अर्धा फिरवा, मग खालचा अर्धा, मग पाळीपाळीनं पूर्ण. वरच्या बुशचं डोकं ब्रॅकेटला भिडलं पाहिजे. खालच्याचं मात्र पाट्याच्या डोळ्यापासून १/३२ इंच, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर, दूर राहिलं पाहिजे. फीलर गेज लावूनच बघा. ही फट ठेवली नाही तर शॅकल हलायला अडतं आणि पाट्यांवर केलेली सगळी मेहनत वाया जाते. शेवटी शॅकल हातानं पुढं-मागं हललं पाहिजे. कुणी आधी मूळ बुश काढून रबरी बुश टाकले असतील, तर त्यांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के करा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

शॉकअप उभा धरून पूर्ण ओढा आणि दाबा. ओढताना आणि दाबताना सलग, संथ विरोध लागला तर ठेवा. मधेच पोकळ लागला किंवा तेल गळत असेल तर बदला, आणि जोडीनंच बदला.

किंगपिनला प्ले निघाला असेल तर वरच्या झाकणाखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून तो कमी करता येतो, मात्र आधी बेअरिंग बाहेर काढून बघा. रोलरच्या खुणा वाटीत उमटल्या असतील तर शिम काढून उपयोग नाही. बेअरिंग नवीनच घ्यावं लागेल. मोजताना टायरॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आणि नकलचं, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाकासकट वळणाऱ्या भागाचं, ऑइल सील सुटं ठेवा, स्टेअरिंग आर्मच्या भोकात स्प्रिंगचा तराजू अडकवा आणि ओढा. २ ते ३ किलोच्या ओढीला नकल फिरलं पाहिजे. सहज फिरलं तर एक शिम कमी करा, जड गेलं तर एक वाढवा.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं, घरीच जमतो. चाक अधांतरी फिरवून टायरच्या मध्यावर खडूची रेघ आखा, दोन्ही चाकांना. गाडी खाली घ्या, थोडी पुढं ढकला म्हणजे चाकं मोकळी बसतील. हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून मोजा, मागून मोजा. पुढचं माप १.२ ते २.४ मिलिमीटर कमी पाहिजे. टायरॉड फिरवून जुळवा, क्लॅम्प आवळा, पुन्हा मोजा.

पहिली फेरी गल्लीतच, ब्रेक मारून बघायला. मग शिवाजी पुलावरून पन्हाळ्याचा रस्ता धरा. सपाटीवर स्टेअरिंग क्षणभर सैल सोडलं तर गाडी सरळ जाते का, आणि वाघबीळच्या पुढं घाट सुरू झाल्यावर वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग आपोआप परत येतं का, एवढं बघा. परत आल्यावर यू-बोल्टला पाना लावा, आणि साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा. नवीन यू-बोल्ट ताणतात, पाटे एकमेकांत बसतात, त्यामुळं नट थोडे ढिले होतातच. शॅकलच्या ग्रीसला विलीजचा हिशोब १,००० मैलांचा होता, म्हणजे दर १,६०० किलोमीटरला गन लावायची. ताजं ग्रीस सीलमधून बाहेर येईपर्यंत मारा. येत नसेल तर चासी उचलून पाट्यावरचं वजन काढा आणि पुन्हा मारा. पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली असेल तर मात्र किलोमीटर मोजत बसू नका, त्याच आठवड्यात ग्रीस मारा.