नागपुरातल्या खोलीत इंग्लंडचं समुद्राकाठचं स्टेशन कसं उभारायचं

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो रेल्वेच्या खिडकीतून, आणि तो मुंबईचा नव्हता. कामानिमित्त दोन वर्षं इंग्लंडमध्ये एक्झिटरला होतो, एका रविवारी जवळच्या डॉलिश या समुद्राकाठच्या गावाची लोकल पकडली, गाडी बराच वेळ खाडीच्या काठाकाठाने चालली आणि मग एक वळण घेतलं तर डायरेक्ट रुळाखाली भिंत आणि भिंतीखाली लाटा. ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने १८४६ मध्ये ही लाइन अशी समुद्राला चिकटून नेली, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत वादळाने तीच भिंत फोडली तेव्हा रूळ अक्षरशः हवेत लटकत होते, एप्रिलमध्ये गाड्या परत सुरू झाल्या. नंतर कॉर्नवॉलला सेंट अर्थहून सेंट आयव्जला गेलो, जेमतेम ७ किलोमीटरची ब्रांच लाइन, उजव्या बाजूला बसायचं, आधी चिखलाची खाडी दिसते, मग झाडी, मग अचानक खाली हिरवंनिळं पाणी आणि पांढरी वाळू, आणि तेवढ्यात स्टेशन आलंच. आमच्या इतवारी-नागभीड छोट्या गाडीत जी मजा होती तीच ही, फक्त शेताच्या जागी समुद्र.

तेच आता घरी छोट्या चालत्या मॉडेल रेल्वेत बनवून राहिलो, म्हणून जे जमलं ते सगळं लिहितो.

सगळ्यात आधी ठरवा की कोणतं स्टेशन. डॉलिश कितीही आवडत असलं तरी घेऊ नका, तिथून गाड्या दोन्हीकडे पुढे जातात म्हणजे दोन्ही टोकांना गाड्या लपवायला जागा लागते. सेंट आयव्जसारखं शेवटचं स्टेशन घ्या, गाडी एकाच बाजूने येते आणि तिकडूनच परत जाते. हुबेहूब कॉपी करायची गरज नाही, तसंही सेंट आयव्जचं १८७७ चं जुनं स्टेशन १९७१ मध्ये बंद करून त्या जागी कार पार्क झाला, आता तिथे एक लाइन आणि एक फलाट एवढंच आहे. मी काळ १९३० च्या आसपासचा धरला, तिकडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीचं हिरवं इंजिन आणि चॉकलेटी-क्रीम डबे.

स्केल डबलओ घ्या, म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर, १:७६. ब्रिटिश मॉडेल सगळ्यात जास्त याच स्केलमध्ये मिळतात. एक गोष्ट माहीत असू द्या, डबलओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो, हिशोबाने तो १८.८३ पाहिजे, म्हणून समोरून पाहिलं तर रूळ जरा अरुंद वाटतो. त्यावर उपाय म्हणजे स्लीपर अर्धे खडीत बुडवा आणि बाजूने पाहा, मग लक्षातच येत नाही.

आता जागेचा हिशोब. जुना ६० फुटी डबा या स्केलमध्ये २४ सेंटिमीटर, छोटं प्रेरी टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणारं) साधारण १४.५. म्हणजे इंजिन अन् दोन डबे मिळून ६३ सेंटिमीटर झाले. शेवटच्या स्टेशनवर इंजिन सुटून बाजूच्या लाइनने फिरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागतं, खरा खेळ तोच आहे, त्यासाठी फलाटाच्या टोकाला २० सेंटिमीटर, मग एक पॉइंट (गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारा रुळाचा तुकडा), मग ७२ सेंटिमीटर, मग दुसरा पॉइंट. पेको या रूळ बनवणाऱ्या कंपनीचा छोटा पॉइंट १८.५ सेंटिमीटरचा असतो. सगळं धरून १२९, म्हणजे ५ फुटात बसतं आणि मालधक्क्याच्या सायडिंगलाही (डबे उभे करायच्या बाजूच्या लाइनलाही) थोडी जागा उरते. प्लायची शीट ८ फुटी येते, उरलेले ३ फूट समुद्राला द्या. हे ३ फूट कोणी कितीही म्हटलं तरी सायडिंगला देऊ नका, इंजिन शेडलाही नाही. किनाऱ्याच्या स्टेशनची सगळी जादू स्टेशन यायच्या आधीच्या त्या अर्ध्या मिनिटात आहे, बिल्डिंग तर कुठल्याही गावात सापडते. त्याच्या पुढे भिंतीपलीकडे किंवा कपाटामागे अजून ३ फुटाची साधी फळी लावा, गाडी तिथे लपून थांबेल.

बोर्डाबद्दल मात्र नीट ऐका कारण इथे नागपूरचं हवामान मध्ये येतं. माझा पहिला बोर्ड मी कूलरच्या खोलीत ठेवला होता. मेमध्ये बाहेर हवा एकदम कोरडी आणि आत कूलरची दमट, मग पावसाळा लागला, जुलैमध्ये पाहतो तर प्लाय एका कोपऱ्यात चांगला बोटभर उचललेला आणि फलाटाजवळचा रूळ सापासारखा वाकडा. तीन महिन्यांची मेहनत गेली, फार वाईट वाटलं. तेव्हापासून ९ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घेतो, मिस्त्रीकडून १५ इंची पट्ट्या कापून घेतो, खाली तीन-तीन इंच उंच पट्ट्यांची चौकट ठोकतो आणि वरून, खालून, कडांना सगळीकडे प्रायमर मारतो. खालची बाजू दिसत नाही म्हणून सोडली तर तिथूनच ओल शिरते. अन् कूलरची खोली अजिबात नको.

रूळही तापतो. ९१ सेंटिमीटरचा निकेल-सिल्व्हर रूळ जानेवारीच्या सकाळपासून मेच्या दुपारपर्यंत जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. थंडीत रूळ टाकत असाल तर प्रत्येक जोडात दोन व्हिजिटिंग कार्डं घालून गॅप ठेवा, एप्रिल-मेमध्ये टाकत असाल तर जवळजवळ चिकटवले तरी चालतं. जोडाच्या पत्तीवर करंटसाठी भरवसा ठेवू नका, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून आपली वेगळी वायर सोल्डर करा. कंट्रोलर साधा १२ व्होल्ट डीसीचा पुरतो. पहिल्या वेळी पॉइंट इन्सुलेटेड फ्रॉगचे घ्या, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथे करंट नसलेले, वायरिंग सोपी जाते, फक्त अगदी छोटं इंजिन हळू चालवलं तर तिथे अडकू शकतं.

वाळूसाठी मी आधी कन्हानची रेती घेतली. आपल्याला ती बारीक वाटते पण १:७६ मध्ये एक मिलिमीटरचा दाणा म्हणजे साडेसात सेंटिमीटरचा दगड, बीच नाही तर खदान दिसते. टाइलच्या फटीत भरतात ते ग्राउट घ्या, फिकट क्रीम रंगाचं, मैद्याच्या चाळणीने पाण्यात भिजवलेल्या फेविकॉलवर भुरभुरा. पाण्याजवळची पट्टी ओली म्हणून दोन शेड गडद करा, आणि भरती जिथवर येऊन गेली तिथे एक वाकडीतिकडी काळपट रेघ, शेवाळाची. ही एक रेघ ओढली की वाळू जिवंत होते.

पाणी निळं रंगवू नका. काठाला वाळूचाच रंग, मग पातळ हिरवट, मग निळा-हिरवा, आणि अगदी मागे राखाडी. डॉलिशकडची लाल दगडाची कडा करणार असाल तर काठाला थोडी लाल माती मिसळा. रंग वाळला की टिश्यू पेपरचे तुकडे पातळ फेविकॉलने चिकटवा आणि ओले असतानाच बोटाने किनाऱ्याला समांतर सुरकुत्या पाडा, त्याच लाटा. वाळल्यावर परत रंग, मग ग्लॉस वॉर्निशचे पाच-सहा पातळ हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. फेस शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा, फक्त लाटेच्या माथ्यावर आणि भिंतीपाशी. रेझिन ओतायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत ओता, उन्हाळ्यात ते भांड्यातच घट्ट व्हायला लागतं.

स्टेशनची बिल्डिंग जाड कार्डबोर्डची चालते. वेळ द्यायचा तो छपराच्या लाकडी झालरीला, टोकदार दातांची ती झालर म्हणजे इंग्लिश स्टेशनची ओळखच. मी ड्रॉइंग पेपरवर ३-३ मिलिमीटरच्या खुणा करून कटरने एकेक दात कापला, एका संध्याकाळी १२ सेंटिमीटर झाले. फलाटावर बाक, दुधाचे कॅन, मासळीच्या पेट्या, सुटकेसची ढकलगाडी, आणि बादली-फावडं घेतलेलं एक तरी पोरगं पाहिजे. सेमाफोर (हाताच्या पट्टीचे जुने सिग्नल) आणि लिव्हर प्रत्यक्ष कसे दिसतात ते पाहायचं असेल तर मोतीबागच्या नॅरो गेज म्युझियमला एक चक्कर मारा, गंज कुठे धरतो अन् ग्रीस कुठे साचतं हे फोटोत कळत नाही.

बोर्डाची उंची साधारण साडेतीन फूट ठेवा, खुर्चीत बसलं की डोळे फलाटाच्या जरासे वर आले पाहिजेत. मागच्या पडद्यावर आकाश आणि समुद्राची रेघ डोळ्यांच्याच लेव्हलला काढा, वर काढली तर समुद्र भिंतीवर टांगल्यासारखा दिसतो.

सीगल शेवटी. पंख पसरून हा पक्षी खरा १.४ मीटरचा, म्हणजे आपल्याकडे १८ मिलिमीटर. पातळ कागदाचा इंग्रजी व्ही कापा, पंखांवर राखाडी, टोकांना काळा ठिपका, बाकी पांढरं. फार नको, मी तीन केले, दोन झालरीवर आणि एक समुद्राच्या भिंतीवर, गाडी वळणावरून बाहेर येते तिथे, तिच्याकडे तोंड करून.