पत्त्यांच्या जुन्या टेबलासाठी नवं कापड कसं निवडावं

घडीचं जुनं पत्त्यांचं टेबल घरात असेल, तर त्याच्या पोटातलं हिरवं कापड बहुधा कसरीने खाल्लेलं नाहीतर घडीवर फाटलेलं असतं. ते बदलायचं ठरलं की घरातले सगळे आधी रंगावर बोलायला लागतात. माझं सांगणं एवढंच की रंग शेवटी बघा, आधी जाडी बघा.

हे मी माझ्या मामांच्या टेबलामुळे शिकले. इंग्रजी बनावटीचं, महोगनीचं टेबल. वरची फळी पुस्तकासारखी उघडते आणि मागचा एक पाय फिरून तिच्याखाली आधाराला येतो. 18व्या शतकात इंग्लंडमधल्या घरांत व्हिस्ट हा पत्त्यांचा खेळ खेळायला अशी टेबलं असत. खेळ संपला की ती मिटून भिंतीला लावून ठेवायची. मामांच्या टेबलाला मध्यंतरी कोणीतरी हस्तकलेच्या दुकानातलं जाड फेल्ट चिकटवलं होतं. दिसायला छान होतं, पण मिटवल्यावर दोन फळ्या एकमेकींवर नीट बसेनात. येताजाता जो तो वरून दाबायचा आणि तो सगळा ताण बिजागऱ्यांवर यायचा. शेवटी एका पितळी बिजागरीचे स्क्रू लाकडाच्या ढलप्यासकट उपटून आले. कापड दोनशे रुपयांचं होतं, लाकूड मात्र पुन्हा मिळणारं नव्हतं.

जुनं कापड काढण्यापूर्वी

जुनं कापड मखमलीचं किंवा भरतकामाचं असेल तर हात लावू नका. 18व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही टेबलांवर तसं काम असे. ते मूळचं असेल तर फाटकं असूनही नव्या कापडापेक्षा मोलाचं आहे. आधी जुन्या फर्निचरच्या जाणकाराला दाखवा.

साधं हिरवं लोकरी कापड असेल तर एक कोपरा पटाशीने अलगद उचला. कडेच्या लाकडाला चिकटून दबलेल्या भागात ऊन पोहोचलेलं नसतं. बाकीचं कापड शेवाळी-पिवळट झालेलं असलं, तरी त्या बोटभर पट्टीत मूळचा गर्द हिरवा रंग टिकून असू शकतो. तो तुकडा कापून पाकिटात ठेवा, दुकानात तोच न्यायचा आहे. कापड दोन्ही फळ्यांवर मिळून सलग आहे की दोन वेगळे तुकडे आहेत, हेही लिहून ठेवा. सलग असेल तर नवं कापड घडीवर सहज वळणारं हवं.

हे काम मास्क आणि हातमोजे घालूनच करा. जुनी धूळ आणि बुरशी तर असतेच, शिवाय 19व्या शतकात काही हिरव्या रंगांत आर्सेनिक वापरलं जात असे.

जाडी मोजायची सोपी रीत

कापड बहुतेक टेबलांत लाकडी काठाच्या आत, उथळ खाचेत बसवलेलं असतं. जुनं कापड आणि सरस निघाल्यावर त्या खाचेत पत्ते एकावर एक ठेवत जा आणि वरचा पत्ता काठाशी सपाट आला की मोजा. एक पत्ता साधारण 0.3 मि.मी. जाड असतो, म्हणजे पाच पत्ते बसले तर खाच दीड मि.मी. खोल. तेवढेच पत्ते खिशात घालून दुकानात जा. नमुन्याचं कापड आणि पत्त्यांची चळत शेजारी ठेवा आणि दोन्हींवर एक पट्टी दाबून धरा. कापड पत्त्यांच्या बरोबरीला किंवा किंचित खाली हवं. वर आलं तर कितीही आवडलं तरी सोडून द्या.

कोणतं कापड

या कामाचं खरं कापड म्हणजे बेझ. जुन्या मराठीत अशा लोकरी कापडाला बनात म्हणत. लोकर विणून, मग पाण्यात मळून आटवतात, म्हणून वीण झाकली जाते आणि वर बारीक लव येते. त्या लवेमुळे पत्ता सरकतोही आणि बोटाने उचलताही येतो. गुळगुळीत लाकडावरून पत्ता उचलून पाहा, फरक लगेच कळेल.

बेझ सहज मिळत नाही. त्याच्या सगळ्यांत जवळचं म्हणजे बिलियर्ड-स्नूकरचं कापड. ते जास्त तलम आणि पातळ असतं, म्हणून उथळ खाचेला उत्तम. मुंबईत धोबी तलावला खेळाच्या सामानाच्या दुकानांत चौकशी करा, किंवा स्नूकरच्या टेबलांना कापड चढवणाऱ्या कारागिराला गाठा. मोठं टेबल 12 फूट बाय 6 फुटांचं असतं, त्यामुळे त्याच्याकडे उरलेले तुकडे असू शकतात आणि आपलं काम तेवढ्यात भागतं.

फेल्ट विणलेलं नसतं, नुसतं दाबलेलं असतं. ताण पडला की ते फाटतं, कृत्रिम असेल तर त्यावर गोळे येतात. मखमलीवर पत्ता अडकतो आणि कोपराचे ठसे उमटतात. चामडं लिहिण्याच्या टेबलावर शोभतं.

दुकानदार ‘प्युअर वूल’ म्हणाला तरी दोन धागे मागून घ्या आणि घरी जाळून पाहा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. मग ओला पांढरा रुमाल नमुन्यावर घासा. रंग लागला तर तो पुढे पत्त्यांना आणि बाह्यांनाही लागेल.

माप, लव आणि रंग

उघडलेलं टेबल साधारण 3 फूट चौरस असतं. प्रत्येक बाजूला 2 इंच जास्त घ्या. तुकडे दोन असतील तर दोन्हींची लव एकाच दिशेला यायला हवी, नाहीतर एकाच थानातलं कापड दोन छटांचं दिसतं. कापडावरून हात फिरवून लवेची दिशा बघा आणि मागच्या बाजूला खडूने बाण काढून ठेवा.

आता रंग. पाकिटातला तुकडा काढा. नमुना टेबलावर ठेवून दिवसा आणि रात्री दिव्याखाली असा दोनदा बघा. स्नूकरचा नेहमीचा हिरवा महोगनीच्या तांबूसपणाशेजारी फार भडक वाटतो. मला एक छटा गडदच बरी वाटते, कारण वापराने तो रंग उतरणारच आहे.

चिकटवण्याआधी

बाटलीतला पांढरा सिंथेटिक गोंद वापरू नका, पुढच्या माणसाला तो सुटत नाही. सरस किंवा मैद्याची घट्ट खळ बरी. ती लाकडाला लावा, कापडाला नको, नाहीतर डाग वर येतो. कापड ताणू नका, हाताने सपाट करा. लोकर वाळताना आटते, म्हणून काठ पूर्ण वाळल्यावरच नव्या कोऱ्या पात्याने कापा. आधी एका टाकाऊ फळीवर हे सगळं करून पाहा.

लोकरीला कसर लागते, आणि मिटलेल्या अंधाऱ्या टेबलात ती निवांत वाढते. महिन्यातून एकदा टेबल उघडा आणि मऊ ब्रशने झटका.

कापड वाळेपर्यंत टेबल पूर्ण दिवसभर उघडंच ठेवा. मग मिटवा, वरून दाबू नका, आणि बिजागरीजवळच्या फटीत एक पत्ता सरकवून पाहा. तो आत जात नसेल, तर कापड बरोबर निवडलंत.